बँकेतील शिल्लक आणि वार्षिक अंदाजपत्रक

आमची छोटी कंपनी २०१९ मध्ये शेअर बाजारात नोंदलेल्या एका मोठ्या अभियांत्रिकी कंपनीने विकत घेतली आणि करारातील अटीनुसार तिच्याबरोबर मीही त्या कंपनीत गेलो. सुरुवातीला माझ्याकडे आमचेच उत्पादन होते. पुढे तीन कारखाने आणि सुमारे १,४०० माणसे असलेल्या एका विभागाचे प्रमुखपद आले. कंपनी काढणे आणि मोठी कंपनी चालवणे हे मुळात एकच काम असून फरक फक्त आकाराचा असतो, असे मी तोवर धरून चाललो होतो, आणि माझ्या ओळखीतील बहुतेक उद्योजक अजूनही तसेच धरून चालतात. प्रत्यक्षात ती दोन वेगवेगळी कामे निघाली. स्टार्टअपमध्ये काय करायचे हेच ठाऊक नसते, पण जे ठरेल ते उद्या सकाळी बदलता येते. मोठ्या कंपनीत काय करायचे हे बहुतांशी ठरलेले असते, पण प्रत्येक गोष्ट कोणाच्या तरी पगाराशी, कोणत्या तरी करारनाम्याशी किंवा एखाद्या जुन्या ड्रॉइंगशी बांधलेली असते. त्यातली एक गाठ इतरांना धक्का न लावता सोडवणे, हे तिथल्या प्रमुखाचे काम. हे मला कसे कळत गेले ते येथे नोंदवतो आहे.

कंपनी काढण्यापूर्वी मी चाकणमधील एका वाहन-सुटेभागांच्या कारखान्यात मेंटेनन्स विभागात होतो. कारखान्यात दाबाखालची हवा विजेइतकीच सर्वत्र लागते. क्लॅम्प, सिलिंडर, स्प्रे गन, न्यूमॅटिक ग्राइंडर अशी कितीतरी साधने तिच्यावर चालतात, आणि ती पुरवणारे स्क्रू कॉम्प्रेसर एखाद्या आडबाजूच्या शेडमध्ये रात्रंदिवस घरघरत असतात. या हवेपैकी वीस ते तीस टक्के गळतीत जाणे ही अनेक कारखान्यांत नित्याची बाब आहे, आणि दाब एक बारने (बार हे दाबाचे एकक) उतरवला तरी कॉम्प्रेसरची वीज साधारण सहा-सात टक्क्यांनी वाचते. पण विजेचे बिल सगळ्या कारखान्याचे एकत्र येत असल्यामुळे ही गळती कोणाच्याच नावावर पडत नाही. कॉम्प्रेसरची वीज आणि मुख्य लाइनमधील हवेचा प्रवाह एकाच वेळी मोजून दोन्हींचे गणित समोर ठेवणारे एक छोटे उपकरण करावे, असे मी आणि माझा एक इन्स्ट्रुमेंटेशनवाला मित्र यांनी ठरवले आणि २०१४ मध्ये खाजगी मर्यादित कंपनीची नोंदणी केली.

नोंदणीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. नवा कंपनी कायदा नुकताच लागू झाला होता, त्यामुळे आमच्या सीएलाही अर्ज भरताना पुन्हा पुन्हा नियम पाहावे लागत. त्या वेळी किमान एक लाख रुपयांचे भरणा झालेले भांडवल लागे आणि कंपनीचा शिक्काही असावा लागे. आम्ही लाख भरला, शिक्का करून घेतला, आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात झालेल्या दुरुस्तीने भांडवलाची अट रद्द झाली व शिक्का ऐच्छिक ठरला.

आपण मीटर विकतो आहोत, असे पहिले वर्षभर आम्ही समजत होतो. मीटर खपत नव्हते. खरेदी अधिकाऱ्यांना ते महाग वाटत आणि मेंटेनन्सवाल्यांना आपल्या शेडमध्ये बाहेरच्याने मोजमाप करावे हेच नको असे. म्हणून ग्राहकाला पटवण्यासाठी आम्ही फुकट गळती-चाचणी करून देऊ लागलो. साप्ताहिक सुटीच्या दिवशी सगळी यंत्रे बंद ठेवून एकच कॉम्प्रेसर चालू करायचा, आणि तो किती वेळ लोडवर, म्हणजे हवा दाबत, आणि किती वेळ अनलोडवर, म्हणजे नुसता फिरत, राहतो हे घड्याळ लावून मोजायचे. हवा वापरणारे काहीच चालू नसताना कॉम्प्रेसर जितका वेळ लोडवर जातो, तितकी हवा गळतीची. त्यानंतर अल्ट्रासॉनिक डिटेक्टर घेऊन लाइनीच्या कडेने चालत जायचे, जिथे आवाज येईल तिथे चिठ्ठी बांधायची आणि संध्याकाळी मालकाला एका पानाचा अहवाल द्यायचा. क्विक कपलिंग, फिल्टर-रेग्युलेटरचे सांधे, कधीच न वापरलेल्या जागी उघडा राहिलेला ड्रेन व्हॉल्व्ह, असल्या किरकोळ जागांची यादी त्यात असे आणि शेवटी वर्षाला किती रुपयांची वीज जाते तो आकडा.

भोसरीतील एका कारखानदाराने तो कागद वाचून विचारले, "मीटर तुमच्याकडेच राहू द्या. हा कागद मला दर महिन्याला द्याल का? काय पैसे होतील ते सांगा." फाटकाबाहेरच्या टपरीवर चहा संपेपर्यंत आम्ही दोघांनी धंद्याची सगळी मांडणी बदलली. उपकरण आमच्या मालकीचे राहील, ग्राहकाने दरमहा शुल्क द्यावे, त्याला अहवाल आणि फोनवर सूचना मिळतील. त्या क्षणी आमच्याकडे विक्रेत्यांचे जाळे नव्हते, छापील दरपत्रक नव्हते, जुन्या ग्राहकांना दिलेली आश्वासने जवळपास नव्हती. त्यामुळे या निर्णयाने कोणाचेच काही बिघडणार नव्हते. आमच्या कंपनीचा सगळ्यात चांगला निर्णय तो होता. त्यामागे धाडस होते असे लोक म्हणतात, पण मोडण्यासारखे काही नव्हते हे त्याचे खरे कारण.

धाडसापेक्षा त्या काळात पैशाची चिंता जास्त होती आणि तिला ठरावीक तारखा होत्या. सात तारखेला टीडीएस, पंधराला भविष्य निर्वाह निधी, आणि १ जुलै २०१७ पासून वीस तारखेला जीएसटी. महिनाअखेरीस पगार. जीएसटीची गोम अशी की बिल काढले की कर देणे लागते, ग्राहकाने पैसे दिलेले असोत वा नसोत. म्हणजे ग्राहक तीन महिने थांबवणार असेल तर त्याच्या बिलावरचे अठरा टक्के आपण आपल्या खिशातून सरकारला आधी भरायचे. लघुउद्योगाला ४५ दिवसांच्या आत पैसे मिळावेत आणि उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज मिळावे अशी तरतूद २००६ च्या एमएसएमईडी कायद्यात आहे. ती आम्हाला तोंडपाठ होती आणि आम्ही ती एकदाही वापरली नाही, कारण व्याज मागितले तर पुढची ऑर्डर मिळणार नाही हे पुरवठादाराला आणि ग्राहकाला दोघांनाही पक्के ठाऊक असते. रोज सकाळी मी पहिल्यांदा बँकेतील शिल्लक पाहत असे आणि तिच्यावरून त्या दिवशी कोणाला फोन करायचे ते ठरे. कंपनीचे धोरण, विक्रीचा आराखडा, माणसे घेण्याचा बेत हे सगळे त्या एका आकड्यात सामावलेले असे.

२०१६ मध्ये काही व्यक्तिगत गुंतवणूकदारांनी पैसे घातले. त्याच वर्षी स्टार्टअप इंडिया योजना आल्याने या शब्दाला प्रतिष्ठा आली होती, पण शेअरसाठी घेतलेली किंमत वाजवी किमतीपेक्षा जास्त ठरली तर तेवढी जादा रक्कम कंपनीचे उत्पन्न धरून तिच्यावर कर लावण्याची तरतूदही लागू होती. ती २०२४ च्या अर्थसंकल्पाने काढून टाकली. आमच्या वेळी मूल्यांकनाच्या अहवालांचा एक जाडजूड गठ्ठा तिच्यापायी तयार झाला, एवढे पुरे.

मोठ्या कंपनीशी बोलणी सुरू झाली तेव्हा मला दोन जगांमधला फरक प्रथम जाणवला. त्यांनी कागदपत्रांची एक लांबलचक यादी पाठवली. आमच्या उपकरणातील पहिला फर्मवेअर, म्हणजे उपकरण चालवणारा आतला प्रोग्रॅम, आमच्या एका मित्राने नोकरी सांभाळून, रात्री बसून लिहिला होता. त्याला आम्ही काही रक्कम दिली होती, लेखी करार केला नव्हता. भारतीय प्रताधिकार कायद्यानुसार नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कामाचा हक्क एरवी मालकाकडे जातो, पण बाहेरच्या माणसाने लिहून दिलेल्या प्रोग्रॅमचा हक्क, लेखी हस्तांतर नसेल तर, लिहिणाऱ्याकडेच राहतो. म्हणजे जी कंपनी आम्ही विकायला निघालो होतो तिच्या गाभ्यातला एक तुकडा कायद्याने तिचा नव्हताच. मित्र भला होता. त्याने मुद्रांकावर हस्तांतरलेख करून दिला आणि वर जेवायलाही थांबला. पण त्यांच्या वकिलांनी हा मुद्दा ज्या थंडपणे मांडला तो माझ्या लक्षात राहिला. आमच्या दृष्टीने मैत्री हा पुरेसा आधार होता. त्यांच्या दृष्टीने, उद्या आम्ही तिघेही नसताना पन्नासाव्या ग्राहकाला कोणी खटला भरून अडवू शकेल का, हा प्रश्न होता.

नव्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मला अधिकार-प्रदानाचा तक्ता मिळाला. कोणत्या हुद्द्याच्या माणसाने किती रकमेपर्यंत सही करायची, अंदाजपत्रकात धरलेल्या खर्चासाठी किती आणि न धरलेल्यासाठी किती, जुने यंत्र भंगारात काढायचे असेल तर कोण, ग्राहकाला दरात सवलत द्यायची असेल तर कोण, हे सगळे त्यात पानोपानी होते. नव्याने आलेले संस्थापक या तक्त्याची चेष्टा करतात. मीही जेवणाच्या टेबलावर केली. पण तो नीट वाचला तर त्यात कंपनीचा इतिहास दिसतो. भंगाराच्या रकान्यात तीन सह्या का लागतात, हे तिथल्या जुन्या लेखापालाला विचारल्यावर त्यांनी कधीतरी तांब्याच्या तारेचे काय झाले होते ते सांगितले. प्रत्येक विचित्र नियमामागे अशी एखादी हकीकत असते. नियम राहतो, हकीकत विसरली जाते आणि नव्या माणसाला फक्त अडवणूक दिसते.

पैशाचे मापही बदलले. बँकेत किती शिल्लक आहे हे मला तिथे कधीच कळले नाही आणि कळण्याची गरजही नव्हती, कारण तो कोषागार विभागाचा विषय होता. माझ्याकडे अंदाजपत्रक होते. स्टार्टअपमध्ये वाचवलेला रुपया पुढच्या महिन्यात हाताशी असतो. इथे ३१ मार्चपर्यंत न खर्चलेला रुपया नाहीसा होतो आणि पुढील वर्षी तेवढाच कमी मंजूर होतो. पहिल्या वर्षी मी जुन्या सवयीने प्रवास आणि चाचणी-साहित्यावर काटकसर केली, तेव्हा अर्थ विभागातील एका अनुभवी गृहस्थांनी मला बाजूला घेऊन सांगितले, "साहेब, तुम्ही वाचवलेत ते चांगलेच केलेत, पण पुढल्या वर्षी मागाल तेव्हा एवढ्यात भागले होते की, असे म्हणतील." मार्च महिन्यात सगळ्या विभागांतून खरेदीच्या मागण्यांचा जो पूर येतो त्याला बाहेरून पाहणारे उधळपट्टी म्हणतात. आतल्या प्रत्येकाचे गणित मात्र आपापल्या जागी बरोबर असते. ही पद्धत मला आजही मूर्खपणाची वाटते, पण तिच्याऐवजी १,४०० माणसांना खर्चाचा अंदाज आधी द्यायला लावणारी दुसरी सोपी पद्धत मला सुचली नाही.

बिलांचा विषय मला दोन्ही बाजूंनी पाहायला मिळाला, म्हणून त्याबद्दल थोडे अधिक लिहितो. स्टार्टअपमध्ये असताना आमची समजूत अशी होती की मोठे ग्राहक मुद्दाम पैसे अडवतात. काही अडवतातच. पण बहुतेक बिले कोणी अडवलेली नसतात, ती कुठेतरी पडून असतात. आत गेल्यावर मी आमच्याच विभागातील एका छोट्या पुरवठादाराच्या थकलेल्या बिलाचा माग काढला. मालाची फाटकावर नोंद झाली होती. तपासणी विभागाने माल पाहिलाही होता. पण पर्चेस ऑर्डरमध्ये नग १०० आणि मालासोबत आलेल्या चलनावर नग ९८ होते, त्यामुळे संगणकाने माल-स्वीकृतीची नोंद, म्हणजे जीआरएन, रोखून धरली होती. ती सोडवायची तर ऑर्डरमध्ये दुरुस्ती हवी, दुरुस्ती करणारा खरेदी अधिकारी दुसऱ्या कारखान्यात बदलून गेलेला, आणि त्याच्या जागी आलेल्याकडे त्या पुरवठादाराच्या गटाचे अधिकार अजून चढवलेले नव्हते. ऑर्डर, जीआरएन आणि बिल ही तिन्ही जुळल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत हा नियम योग्यच आहे, नाहीतर न आलेल्या मालाचे पैसे जातील. तो पुरवठादार मात्र पिंपरीत बसून, पूर्वी मी धरायचो तसा, मुद्दामच चालले आहे असे धरून चालला असणार.

हे सगळे किती लवकर हलू शकते तेही पाहिले. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षातच करातून वजा मिळेल, अशी दुरुस्ती प्राप्तिकर कायद्यात झाली आणि आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून ती लागू झाली. कंपनीच्या करावर थेट परिणाम होणार म्हटल्यावर लेखा विभागाने त्या मार्चमध्ये पुरवठादारांची उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून असलेली सरकारी नोंदणी, तपासून याद्या केल्या आणि वर्षानुवर्षे अडकलेले जीआरएन काही आठवड्यांत मोकळे झाले. २००६ चा कायदा पुरवठादाराला हक्क देत होता. हा बदल ग्राहकाच्या लेखापालाला कारण देत होता. मोठ्या कंपनीत हक्कापेक्षा असे कारणच चालते.

दोन्ही पद्धतींची खरी तुलना मला एका रबरी गॅस्केटवरून करता आली. आमच्या उपकरणाच्या डब्याला झाकण आणि पेटी यांच्यामध्ये गॅस्केट असते. मशीन शॉपमधील हवेत कूलंटचे, म्हणजे कापताना धातू थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, सूक्ष्म तुषार असतात आणि काही ठिकाणी ते आत शिरून सर्किट बोर्डवर चिकट थर धरत. आमच्या स्वतःच्या कंपनीच्या काळात असा एक डबा तळेगावच्या ग्राहकाकडे बंद पडला होता. मी आणि आमचा तंत्रज्ञ त्याच रात्री गेलो, बोर्ड साफ केला, झाकणाच्या कडेला सिलिकॉन भरले आणि पहाटे परतलो. ग्राहक खूष झाला आणि ती हकीकत आम्ही पुढे कितीतरी जणांना अभिमानाने सांगितली. इतर ठिकाणच्या डब्यांचे काय, हा विचार डोक्यात येत होता पण त्यासाठी ना माणूस होता ना वेळ. जो बंद पडेल त्याला सिलिकॉन, असे धोरण आपोआप ठरले.

मोठ्या कंपनीत तीच तक्रार आली तेव्हा पहिल्या दिवशी काहीच झाले नाही, म्हणजे माझ्या दृष्टीने काहीच झाले नाही. ग्राहकाला बदली उपकरण गेले आणि बिघडलेले परत मागवले गेले. मग आठ टप्प्यांचा तक्रार-निवारण अहवाल उघडला. दर्जा विभागातील एका शांत स्वभावाच्या बाईंनी गॅस्केट कापून त्याचा मऊपणा मोजला, पुरवठादाराकडून रबराच्या प्रत्येक बॅचचे दाखले मागवले, आणि असे दाखवून दिले की दोष रबरात नसून झाकणाचे स्क्रू घट्ट करण्याच्या क्रमात आहे: एका कोपऱ्यापासून सुरुवात करून ओळीने घट्ट केले की समोरच्या कोपऱ्यात गॅस्केट पुरेसे दबत नाही. त्यावर ड्रॉइंगमध्ये बदल, असेंब्लीच्या कामपत्रिकेत तिरपा क्रम, टॉर्क (पिळाचा जोर) मोजणारा स्क्रूड्रायव्हर, पुरवठादाराकडून नव्या नमुन्यांची मंजुरी. आणि सगळ्यात वेळखाऊ भाग म्हणजे जुन्या मालाचे काय करायचे: गोदामातील डबे, विक्रेत्यांकडील डबे, ग्राहकाकडे लागलेले डबे, प्रत्येकासाठी वेगळा निर्णय आणि वेगळी सही. महिने गेले. मी दर आठवड्याच्या बैठकीत चरफडत बसत असे. पण त्यानंतर त्या कारणाने एकही डबा परत आला नाही, आणि आमच्या जुन्या सिलिकॉनच्या उपायाने खरे कारण वर्षानुवर्षे झाकून ठेवले होते हेही त्याच अहवालात एका ओळीत लिहिलेले होते. तळेगावची रात्र मला आजही प्रिय आहे. पण दहा हजार डबे बाहेर असतील तर माझी पसंती त्या बाईंना आहे.

याउलट, जिथे मोठी कंपनी अडते तिथे ती कशी अडते हे मासिक शुल्काच्या प्रकरणात दिसले. टपरीवर ठरवलेली तीच मांडणी विभागाच्या दुसऱ्या एका उत्पादनाला लावावी असा प्रस्ताव मी मांडला. प्रस्तावाला विरोध कोणीच केला नाही. फक्त प्रश्न आले. विक्री प्रतिनिधींचा प्रोत्साहन भत्ता तिमाहीतील बिलांच्या रकमेवर ठरतो. यंत्राची किंमत एकदम न येता महिन्याला थोडी थोडी आली तर त्यांचा भत्ता बुडेल. वितरकांचे कमिशन विक्री किमतीवर आहे. विक्रीच नसेल तर कशावर? उपकरण आमच्या ताळेबंदात राहिले तर भांडवली खर्च वाढेल. उत्पन्न कधी धरायचे, यावर महसुलाच्या लेखामानकानुसार लेखापरीक्षकांचे मत हवे. यातला एकही प्रश्न खोटा नव्हता. दोन वर्षांनी तो प्रस्ताव एका विभागात, निवडक ग्राहकांपुरता मंजूर झाला, आणि तोवर एका छोट्या प्रतिस्पर्ध्याने बाजाराचा चांगला हिस्सा घेतला होता. त्यांच्याकडे बहुधा वितरकच नसावेत.

बोलण्याचेही वेगळे नियम होते. स्टार्टअपमध्ये ऑर्डर मिळाली की आम्ही गावभर सांगत असू, कारण पुढचा ग्राहक आणि पुढचा गुंतवणूकदार त्या बातमीवरच येतो. नोंदणीकृत कंपनीत तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर झाल्यानंतर ४८ तास उलटेपर्यंत आम्हाला कंपनीच्या शेअरचे व्यवहार बंद असत, आणि मोठ्या ऑर्डरबद्दल घरच्या जेवणातही बोलता येत नसे. शिवाय प्रमुखाचे शब्द तिथे फार लांब जातात. एकदा कारखान्यात फिरताना भिंतीवरच्या उत्पादन-आलेखांच्या फलकाकडे पाहून मी सहज विचारले, "हे फलक कोण पाहते?" खरोखरच जाणून घ्यायचे होते. दोन आठवड्यांनी दुसऱ्या कारखान्यात गेलो तर तिथले फलक काढून भिंतीला नवा रंग दिलेला होता. जुन्या कंपनीत असा प्रश्न विचारला असता तर तंत्रज्ञाने "मी पाहतो, तुम्ही पाहत नाही" असे ताडकन सुनावले असते. १,४०० माणसांत असे सुनावणारा माणूस प्रमुखापर्यंत पोहोचावा यासाठी वेगळी व्यवस्था करावी लागते. मी महिन्यातून एकदा पाळीप्रमुखांबरोबर, त्यांच्या वरिष्ठांना वगळून, चहाला बसू लागलो. पहिल्या काही वेळी फक्त चहाच झाला.

दोन्ही कामे एकाच माणसाने उत्तम केल्याची उदाहरणे आपल्याकडे नेहमी दिली जातात. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावच्या सायकल दुकानापासून १९१० मध्ये औंध संस्थानात उभ्या राहिलेल्या किर्लोस्करवाडीपर्यंत गेले, हे खरे आहे. पण त्या वाढीला दशके लागली आणि संस्थापकाला प्रत्येक टप्प्यावर शिकायला वेळ मिळाला. इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यात सात जणांनी दहा हजार रुपयांवर सुरू केली आणि संस्थापकांबाहेरचा पहिला मुख्य कार्यकारी अधिकारी तिथे २०१४ मध्ये आला. तीन वर्षांत त्यांनी राजीनामा दिला आणि संस्थापकांपैकी एक अध्यक्ष म्हणून परत आले. इतकी वर्षे एकाच पिढीच्या हातात राहिलेल्या कंपनीतही हस्तांतर सोपे गेले नाही. आजच्या संस्थापकाला विक्रीच्या करारावर सही केल्यापासून सोमवार उजाडेपर्यंतचा वेळ मिळतो.

२०२४ च्या अखेरीस मी तिथून बाहेर पडलो. माझ्या जागी आलेल्या बाई अर्थ विभागातून वर आलेल्या होत्या. हस्तांतराला एक तिमाही लागली, आणि त्या तिमाहीत विभागाच्या कामात माझ्या जाण्यामुळे काही अडल्याचे मला तरी दिसले नाही. जुनी कंपनी विकताना हेच सगळ्यात अवघड गेले होते. तेव्हा निम्मे ग्राहक मलाच ओळखत होते आणि खरेदीदाराने त्यासाठी किमतीचा मोठा भाग पुढील वर्षांच्या कामगिरीवर ठेवला होता.

कंपनी विकताना मी स्पर्धा न करण्याचे बंधन स्वीकारले होते. भारतीय करार कायदा व्यवसायबंदीच्या अटी सहसा मान्य करत नाही, पण धंद्याचे नाव आणि ग्राहकवर्ग विकताना घातलेली अट अपवाद म्हणून टिकते. ती मुदत संपल्यावरही मी हवेच्या वाटेला गेलो नाही. सध्या आम्ही दोघे-तिघे इचलकरंजीच्या प्रोसेस हाऊसमधील, म्हणजे कापडावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांतील, स्टीम ट्रॅपवर काम करतो आहोत. स्टीम ट्रॅप म्हणजे वाफेचे झालेले पाणी (कंडेन्सेट) बाहेर सोडून वाफ आत अडवणारी झडप. ट्रॅप उघडा अडकला की वाफ सरळ कंडेन्सेटच्या लाइनीत जाते आणि बॉयलर उगाच जळत राहतो, आणि इथेही तो खर्च कोणाच्या नावावर पडत नाही.

या वेळी काही गोष्टी पहिल्या दिवसापासून केल्या आहेत. बाहेरून लिहून घेतलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमचे हस्तांतर लेखी आहे, ड्रॉइंगवर बदलाचा क्रमांक आणि तारीख असते, आणि बंद पडलेला प्रत्येक सेन्सर दुरुस्त करण्याआधी का बंद पडला ते एका वहीत लिहिले जाते. अधिकाराचा तक्ता केलेला नाही. सहीचे अधिकार आमच्यापैकी दोघांकडे आहेत आणि कोणीही एकटा करू शकतो. अंदाजपत्रक नाही. सकाळी बँकेतील शिल्लक पाहतो. बीजक काढताना खरेदी विभागातील ज्याच्या हातून जीआरएन होणार आहे त्याचे नाव आणि फोन आधी मिळवून ठेवतो, आणि ऑर्डरमधील नग व चलनातील नग जुळतात का ते माल निघण्यापूर्वी स्वतः पाहतो. ग्राहक नेमके कशाचे पैसे देईल, सेन्सरचे, अहवालाचे की वाचलेल्या कोळशातील हिश्शाचे, हे अजून ठरलेले नाही. पुढच्या महिन्यात दोन प्रोसेस हाऊसमध्ये तीन प्रकारे दर देऊन पाहणार आहोत.